व्हिसाची तारीख वेगळी, राहायचे दिवस वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतले परदेश सहलीचे लेख मी नेमाने वाचते, छानच असतात, पण व्हिसाचा विषय आला की 'व्हिसा वेळेत काढून घ्यावा' एवढ्या एका ओळीत उरकलेला असतो. वेळेत काढलेला, अगदी नियमाने मिळालेला व्हिसा हातात असूनही माणूस कसा अडकतो ते आमच्याच घरात घडलंय म्हणून लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा भावाकडे शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, गेले होते. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर १ मे ते ५ जून अशी तारीख. ३ मेला पोचले, परतीचं तिकीट २२ मेचं होतं, पण नातू सोडेना आणि भाऊ म्हणाला अजून आठवडाभर राहा ना, व्हिसा ५ जूनपर्यंत आहे की. मीसुद्धा फोनवर स्टिकरचा फोटो बघून हो राहू देत म्हटलं, त्याची टोचणी अजून आहे. २८ मेला निघताना पासपोर्ट कंट्रोलवरच्या ऑफिसरने आईचा येतानाचा शिक्का शोधला, कॅलेंडर बघून दिवस मोजले आणि स्टिकरवर तारखांच्या खालच्या एका छोट्या आकड्यावर बोट ठेवलं. २१. म्हणजे राहायला परवानगी २१ दिवसांची, पोचल्याचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही त्यातच धरून, आणि आई-बाबांचे झाले होते २६. उरलेले १५ दिवस हे प्रवासाची तारीख मागेपुढे झाली तर असावेत म्हणून जोडलेले असतात, जास्त राहण्यासाठी नाही. हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं हो. तो माणूस ओरडला वगैरे नाही, पण लिहून घेईपर्यंत बाबांचे हात थरथरत होते असं आई अजून सांगते.

आणि हे फक्त शेंगेनचं नाही. अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिसा मिळाला की लोकांना वाटतं मनात येईल तितकं राहता येतं, पण व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो, आत सोडायचं की नाही आणि किती दिवस हे तिथे उतरल्यावर ऑफिसर ठरवतो, पर्यटकाला सहसा जास्तीत जास्त ६ महिने, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत ऑनलाइन बघायला मिळते. ती ओलांडली तर १० वर्षांचा तो व्हिसाच रद्द धरला जातो, १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडलं तर ३ वर्षं परत प्रवेश नाही, वर्षभर किंवा जास्त झालं तर १० वर्षं. ब्रिटनचाही व्हिजिटर व्हिसा २, ५, १० वर्षांचा मिळतो पण एका खेपेला साधारण ६ महिनेच.

शेंगेनमध्ये अजून एक गोम आहे. अनेक वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा आत जाता येणारा व्हिसा असला तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच, आणि २९ देश मिळून एकच हिशोब, देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. ज्या दिवशी मोजायचं त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे. हा हिशोब करून देणारा कॅल्क्युलेटर युरोपियन युनियनच्या अधिकृत साइटवर फुकट आहे, पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हता. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, त्यामुळे एखादा दिवस नजरेतून सुटेल ही आशाच नको.

म्हणून कळकळीची विनंती आहे, पुरवणीत एकदा स्टिकरचा मोठा फोटो छापा आणि बाण काढून दाखवा की ही व्हिसाची मुदत, हे राहायचे दिवस, ही किती वेळा आत जाता येईल ती संख्या. पहिल्यांदा विमानात बसणारे आई-वडील तो कापून पासपोर्टसोबत ठेवतील. आमची आई आता परत नातवाकडे जायचं म्हणतेय, त्या ५ दिवसांचा खुलासा करणारं पत्र मी अर्जाला जोडायला लिहायला घेतलंय, तिसऱ्यांदा फाडून पुन्हा लिहितेय.

आपली,
एक नियमित वाचक