ठरावात बांधव, खिडकीवर परराज्यातले

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ आमचं कौलारू घर आहे. वडिलांनी मास्तरकीच्या पगारातून थोडं थोडं करत बांधलेलं, दोन खोल्या आणि पडवी. मे महिना लागला की आम्ही भावंडं बेळगावहून तिथेच. आता वडील गेले. घराला माझं आणि भावाचं वारस म्हणून नाव लावायचं, एवढंच काम होतं. ते घेऊन मागच्या आठवड्यात तुमच्या एका कार्यालयात गेले, तर खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही परराज्यातल्या. हे कानडी कागद इथे चालत नाहीत."

परराज्यातल्या! 27 डिसेंबर 2022 ला नागपुरात एकमताने ठराव केलात ना, बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी आणि 865 गावांतली इंच न इंच जमीन महाराष्ट्रात आणायची म्हणून? (पूर्वी 814 गावं ऐकत होतो. वाढली, आनंद आहे.) जमीन इंचाने मोजून हवी, तिच्यावरची माणसं मात्र दारात नकोत.

वारस कोण ते दाखवणारा वंशवृक्षाचा दाखला कर्नाटकातल्या नाडकचेरीतून, म्हणजे महसूल कार्यालयातून मिळतो आणि कानडीतच मिळतो. मराठीत द्या म्हणून आम्ही इकडे भांडतोच आहोत. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथे त्यांच्या भाषेत कागद द्यायचा नियम दाखवला की इकडचे साहेब हसतात. मराठी मागितली म्हणून इकडे डोळ्यांत खुपायचं आणि कानडी कागद आणला म्हणून तिकडे परकं व्हायचं. भाषांतर करा, नोटरी करा, पुन्हा या. पुन्हा या म्हणायला काय जातं? शिनोळीपर्यंतचे खड्डे आणि पुढचा आंबोली घाट माझ्या साठीच्या गुडघ्यांना विचारा.

मे 2021 च्या तौक्ते वादळात निम्मी कौलं उडाली, ती अजून तशीच. अधिकृत घर आहे त्याच जोत्यावर दुरुस्त करायला सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची 2019 ची अधिसूचना आड येत नाही, हे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला वाचून कळतं. तुमच्या माणसांचं म्हणणं, आधी नाव लावा, मग परवानगी मागा. तोवर ताडपत्री. किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधणाऱ्यांना कोणी विचारतं का हो, कुठल्या राज्यातले म्हणून?

रेल्वे येण्याआधी बेळगाव कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाचं सामान याच बंदरात उतरून घाट चढायचं. त्याला वेंगुर्लं परकं नव्हतं. वडील जानेवारी 1956 मध्ये विशीचे होते, बेळगावच्या रस्त्यावर होते, गोळीबार झाला तेव्हाही. तेव्हापासून महाराष्ट्रात जायची वाट बघत बसले. 2004 पासून सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तारखांची बातमी पेपरात ते पहिल्यांदा वाचायचे. जिवंतपणी तुम्ही त्यांना आत घेतलं नाहीत, आता त्यांचा कागदही घेत नाही.

इतकं सगळं सांगून मागणं एवढंच, की सीमाभागातले दाखले आहेत तसे चालतील असा साधा आदेश काढा. ते जमणार नसेल तर त्या ठरावाची प्रत शिक्का मारून पाठवा. वंशवृक्षाला जोडून खिडकीत देईन. तिलाही नोटरी लागेल का, तेवढं आधी कळवा.

आपली,
शहापूर, बेळगाव येथील एक निवृत्त शिक्षिका