पक्याला पत्र: अण्णांच्या फायली, वगर्णी आणि तुझी थकबाकी

सातारा, जानेवारी २०२६

प्रिय पक्या,

फोनवर तू विचारलंस की सध्या काय चाललंय आणि मी म्हणलं काही नाही, तर ते खोटं होतं, बरंच चाललंय पण फोनवर सांगायला लागलो की तू "परत तुझं लिनक्स पुराण" म्हणून विषय बदलतोस. म्हणून लिहितोय. आता वाचच.

अण्णांचा तो जुना लॅपटॉप आठवतो का, झाकणाचा एक कोपरा तुटलेला? ऑक्टोबरात विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि ११ काही त्याच्यावर चढेना, घरात सगळे म्हणाले भंगारात दे. मी रॅम ४ ची ८ जीबी केली, हार्डडिस्क काढून एसएसडी घातली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकली, तिची एक्सएफसीईवाली आवृत्ती, हलकी असते ती. पळतोय रे घोड्यासारखा! अण्णांना फक्त पत्ते आणि पेपर पाहिजे असतो, त्यांना काही बदललंय हे आठवडाभर कळलंच नाही. बॅटरी मात्र मेलेली आहे ती आहेच.

रास्पबेरी पायचं, म्हणजे त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचं, थोडक्यात सांगतो. त्याच्यावर पाय-होल बसवलं, म्हणजे घरातल्या सगळ्या फोनांच्या जाहिरातींचे पत्ते तो मधेच अडवतो. पहिल्याच रात्री आईची मालिका अडवली. मालिका जाहिरातीशिवाय सुरूच होत नाही म्हणे. मग आईचा टीव्ही त्यातून वगळला. नंतर लाईट गेली तेव्हा एसडी कार्ड करप्ट झालं आणि सगळं पहिल्यापासून केलं, आता बॅकअप घेतो. असो.

खरी गोष्ट पुढे आहे. लॅपटॉप साफ करताना अण्णांचा एक फोल्डर सापडला, 'वाचनालय' नावाचा. ते चिटणीस होते तेव्हाची इतिवृत्तं, पुस्तकांची यादी, वर्गणीचे हिशोब, सगळं स्टँडजवळच्या डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेलं. उघडलं तर नुसते डॉलर, टक्के, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा! तेव्हाचे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे चिकटवलेले, काना वेगळा, दांडी वेगळी, अर्धा प वेगळा. फाँट गेला की मराठी गेलं. आणि तो डीटीपीवाला दुकान बंद करून कधीच गेला, फाँट कुणाकडेच नाही. अण्णांकडे एक छापील इतिवृत्त होतं तेवढंच. ते शेजारी ठेवून कुठलं चिन्ह म्हणजे कुठला तुकडा याचा तक्ता केला आणि पायथनमधे बदलून देणारा प्रोग्राम लिहिला. मला वाटलं एका रविवारचं काम. तीन गेले.

कारण बघ, पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून टाईप करणाऱ्याने आधीच मारलेली असते, आणि युनिकोडला, म्हणजे आता सगळीकडे चालतं त्या अक्षरांच्या पद्धतीला, ती अक्षराच्या नंतर लागते. त्यामुळे माझ्या पहिल्या फायलीत अण्णा सचिवाचे 'सिचव' झाले. रफाराचं बरोबर उलटं, तो डोक्यावर दिसतो म्हणून नंतर मारलेला, पण युनिकोडमधे र आधी. म्हणून वर्गणीची 'वगर्णी' आणि शर्मांचे 'शमार्'. 'वार्षिक'मधे वेलांटी आणि रफार दोन्ही, तिथे तर 'वािषर्क' असला काहीतरी राक्षस तयार झाला. 'स्थिती'सारखं काही आलं की वेलांटी अख्ख्या जोडाक्षरापलीकडे उचलून न्यायची. आणि दऱ्या व दर्या, एक डोंगरातल्या आणि दुसरा म्हणजे समुद्र, दोन्हींत र आणि य, पण तुकडे वेगळे, ते वेगळे ठेवले नाहीत तर सह्याद्रीच्या पुस्तकात समुद्र घुसतो. अण्णा शेजारी बसून चुका काढत होते. त्यांना पायथन काय कळणार, पण "इथे र खाल्लास" हे एका नजरेत कळतं. इतका चांगला टेस्टर आमच्या ऑफिसात नाही.

त्या नादात विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या फुकट ग्रंथालयाच्या साईटवर, जायला लागलो. लेखक जाऊन साठ वर्षं उलटलेली जुनी मराठी पुस्तकं तिथे पानापानाने टाईप होतात. स्कॅनवरून टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर अक्षरं ओळखून देतं पण घ चा ध करतं, परवा एक बाई दुपारी 'धरात' गेल्या. ते तपासून दुरुस्त केलं की पान पिवळं होतं, दुसऱ्या माणसाने परत वाचलं की हिरवं. स्वतःचं पिवळं स्वतःला हिरवं करता येत नाही, सिस्टीमच करू देत नाही. माझी साठएक पानं पिवळी पडून आहेत. तुला रात्री झोप येत नाही ना? मोबाईल चाळण्यापेक्षा दोन पानं वाच. फक्त तिथे रोमनमधे 'kaay' टाईप करून अक्षर शोधत बसू नको, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शीक, डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, आठवड्यात बोटं बसतात. (तो 'kaay' मुद्दाम इंग्रजी अक्षरांत लिहिला, तुला लाज वाटावी म्हणून.)

रविवारी सकाळी गावाकडे ओपनस्ट्रीटमॅपचं, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशाचं काम पण करतो. आपलं गाव त्यात नुसता एक ठिपका होता. आता शाळा आहे, पार आहे, पाणवठा आहे, एसटीचा थांबा आहे, नावं देवनागरीत. तुमच्या जुन्या घराची चौकट पण काढलीय.

आणि आता मुद्द्याचं. तिसऱ्या रविवारी रात्री थकबाकीची फाईल पहिल्यांदा नीट वाचता आली. खाली अकराव्या ओळीला तुझं नाव. जून २००६, निळ्या कापडी बांधणीचं ते प्रवासवर्णन, 'परत नाही'. दंड रोज १० पैसे, मी हिशोब केला, सातशे रुपयांच्या वर गेलाय. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "त्याने तर परत दिलं म्हणून मला सांगितलं होतं की!" ते पुस्तक आता हक्कमुक्त झालंय, स्कॅन करून चढवता येईल, पण वाचनालयात ती एकच प्रत होती आणि ती तुझ्याकडे. काकूंच्या माळ्यावरच्या पेटीत असेल बघ, बाकी कुठे जाणार.

जत्रेला येशील तेव्हा घेऊन ये. वाळवी लागली असली तरी आण. दंडाचं अण्णांशी तू बघ.

तुझा,
संज्या