घेर बरोबर, आकार चुकीचा : फेल्टची फेडोरा आणि सोबतचे माहितीपत्रक यांबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ५८ सेंमी घेराची फर फेल्टची फेडोरा डोक्यावर न बसणे आणि माहितीपत्रकातील वाफ देण्याच्या चुकीच्या सूचनेमुळे झालेले नुकसान

महोदय,

आपल्याकडून घेतलेली फेडोरा, म्हणजे प्राण्यांची फर दाबून केलेल्या फेल्टची काठवाली हॅट (माथ्याला खळगी न पाडलेली, घेर ५८ सेंमी, माथ्याची उंची १४ सेंमी, काठाची रुंदी ६.५ सेंमी) कपाळावर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला रुतते, आणि दोन्ही कानांच्या वर मात्र बोट जाईल इतकी मोकळी राहते. हे कळवल्यावर आपल्या विभागाकडून दोन उत्तरे मिळाली. पहिले, एक साइझ मोठी घ्या. दुसरे, माहितीपत्रकाप्रमाणे वाफ द्या आणि वापरत राहा, हॅट रुळेल. पहिल्या सल्ल्याने काहीच साधणार नव्हते. दुसरा पाळला आणि हॅट बिघडली.

फेल्टबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. लव बारीक आहे, काठ हाताला दाट लागतो, ताठपणासाठी दिलेली लाखेची खळ बेताची आहे. इतका चांगला माल चुकीच्या सूचनेमुळे वाया जावा, म्हणूनच हे पत्र एवढे सविस्तर लिहिले आहे.

आधी मापाबद्दल. आपल्या मागणीपत्रात एकच रकाना आहे, डोक्याचा घेर. भुवयांच्या वर कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या साधारण एक सेंमी वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवली की घेर ५८ सेंमी येतो, आणि हॅटच्या आतल्या चामडी पट्टीचा घेरही ५८ सेंमी होता. म्हणजे आपल्या हिशेबाने माप तंतोतंत जुळते. पण डोके गोल नसते, लांबट असते, आणि किती लांबट हे प्रत्येकाचे वेगळे. हे डोके कपाळापासून मागपर्यंत २०.६ सेंमी आणि आडवे १६.२ सेंमी आहे. हॅट आतून १९.७ सेंमी लांब आणि १७.२ सेंमी रुंद निघाली. दोन्ही लंबवर्तुळांचा घेर काढून पाहावा, तो ५८ सेंमीच भरतो. घेर सारखा असूनही लांबीत हॅट ९ मिमी अपुरी आहे आणि रुंदीत १० मिमी जास्त, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिमी पोकळी.

आता मोठा साइझ घेतला तर काय होईल तेही याच आकड्यांवरून काढता येते. आपला साचा याच प्रमाणात मोठा केला तर २०.६ सेंमी लांबी मिळायला घेर जवळजवळ ६१ सेंमी लागतो. तेव्हा रुंदी १८ सेंमी होते आणि बाजूची पोकळी ५ मिमीवरून ९ मिमीवर जाते. अशी हॅट कपाळाला टोचणार नाही, पण वाऱ्याच्या पहिल्या झुळकेला उडेल. पट्टीवर छापलेला ७¼ हा आकडासुद्धा याच गैरसमजावर उभा आहे : तो इंचांतल्या घेराला पायने (π, सुमारे ३.१४) भागून काढलेला व्यास असतो, म्हणजे डोके पूर्ण वर्तुळ आहे असे धरूनच. त्यातला एक अष्टमांशाचा फरक घेरात एक सेंमीचा असतो. घेराची पायरी मोजायला तो आकडा पुरेसा आहे. डोक्याचा आकार त्यातून कळत नाही.

ही अडचण नवी नाही. १९व्या शतकात पॅरिसमध्ये कॉन्फॉर्मेटर नावाचे यंत्र निघाले ते याचसाठी : डोक्याभोवती पट्ट्यांचे कडे बसवायचे आणि वरच्या लहान कागदावर टाचण्यांनी डोक्याचा आकार टोचून घ्यायचा. घरबसल्या मागणी घेणाऱ्या कंपनीने ते यंत्र ठेवावे अशी अपेक्षा नाही. ग्राहकाला एवढे सांगितले तरी पुरे : चित्रकलेची लवचिक वक्रपट्टी किंवा शिशाची मऊ तार डोक्याभोवती दाबून घ्या, पुढचा मध्य खुणेने दाखवा, अलगद काढून कागदावर रेघ मारा, लांबी आणि रुंदी मोजा. तार काढताना थोडी फाकते, म्हणून दोन जाड पुस्तके डोक्याच्या दोन बाजूंना उभी टेकवून मधले अंतर मोजावे आणि आकडा पडताळावा. पाच मिनिटांचे काम आहे.

चुकीच्या आकाराचा परिणाम फक्त कपाळावरच्या लाल वळापुरता नसतो. लांबट डोके गोलसर हॅटमध्ये शिरले की माथ्याचा तळ पुढे-मागे ताणला जातो आणि बाजूंनी आत ओढला जातो. काठ तिथेच जोडलेला असल्यामुळे तो सपाट राहत नाही, लाटेसारखा वरखाली होतो. मग पुढचा काठ खाली वळवला तरी ठरत नाही, पुन्हा उसळतो. अशा वेळी काठाला कितीही वाफ द्या, दोष काठात नसतोच. आपल्या प्रतिनिधींना काठाबद्दलच्या तक्रारी येत असतील तर त्यांतल्या काहींचे मूळ इथे शोधावे.

आता माहितीपत्रक. त्यातली सूचना अशी : उकळत्या पाण्याच्या भांड्यावर हॅट तोंड खाली करून पाच मिनिटे धरा, फेल्ट मऊ झाले की डोक्यावर घालून खाली ओढा आणि केस वाळवण्याच्या यंत्राने सुकवा. या एका वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली सर्वांत महाग पडते. हॅट तोंड खाली करून धरली की वाफ आधी आतल्या चामडी पट्टीवर जाते. ओले चामडे तापले की आकसते, आणि आकसलेले पुन्हा पूर्ण सैल होत नाही. या हॅटची पट्टी ५८ वरून ५७.१ सेंमीवर आली आहे, टाक्यांच्या ओळीत तिला चुण्या पडल्या आहेत, आणि अस्तर एका बाजूने सुटले आहे. घट्ट हॅट सैल करण्याच्या उपायाने ती जवळपास एक साइझ घट्ट केली. वाफ नेहमी बाहेरून, जिथे बदल हवा तेवढ्याच भागाला द्यायची असते, पट्टीपासून दूर.

दुसरी चूक वेळेची. पाच मिनिटांत सगळे फेल्ट एकदम ढिले पडते. फरचे तंतू उष्णता आणि ओलावा मिळाला की वाकतात, निवताना आणि सुकताना त्या जागी पक्के होतात. लाखेची खळही तशीच, गरम असताना मऊ आणि गार झाल्यावर कडक. सगळी हॅट एकदम मऊ केली तर साच्याने दिलेला आकारही त्याबरोबर जातो. तळाला रिबीन आणि पट्टी आहे, तेवढा भाग तग धरतो, पण रिबिनीच्या वरचा माथा मोकळा असतो आणि तो आत झुकतो. या हॅटचा माथा वर निमुळता होऊ लागला आहे. साच्यावर पुन्हा चढवल्याशिवाय तो सरळ होणार नाही.

तिसरी, यंत्राची गरम हवा. ती फेल्टला वरवर सुकवते, आतला ओलावा राहतो, आणि चामड्याला दुसऱ्यांदा भाजते. फेल्ट निवताना हाताने धरून ठेवायचे असते, त्याला घाई चालत नाही.

योग्य रीत छापायला चार ओळी लागतात. किटलीच्या तोंडापासून १५ ते २० सेंमी अंतर. एका जागी पाच ते दहा सेकंद, तेही हॅट हलवत. फेल्ट कोमट आणि किंचित दमट लागले पाहिजे. पाण्याचा थेंब दिसला तर वाफ जास्त झाली. मग आकार द्या, दोन-तीन मिनिटे तसाच धरा, पूर्ण गार झाल्यावरच सोडा. कमी पडले तर पुन्हा करता येते. जास्त झालेले परत घेता येत नाही.

माथ्याची खळगी पाडतानाही आपले पत्रक उलटा क्रम सांगते, आधी पुढचे चिमटे (माथ्याच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून पाडलेले खळगे) आणि मग मधली खळगी. असे केले तर चिमटे मधल्या खळगीच्या ओढीने वर सरकतात आणि दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत. आधी हाताच्या कडेने मधोमध उथळ खळगी, दोन-अडीच सेंमी, मागे रुंद ठेवायची की पुढे हे ठरवून. मग हॅट घालून आरशात पाहायचे, कारण हातात खोल वाटणारी खळगी चेहऱ्यावर बऱ्याचदा उथळ दिसते, आणि खूप खोल केली तर ती डोक्याला टेकते. त्यानंतर पुढचा भाग वाफेवर धरून अंगठा आणि दोन बोटांनी चिमटे. १४ सेंमीच्या माथ्याला पुढची उंची ११ ते ११.५ सेंमी उरली तर प्रमाण चांगले दिसते. चिमट्याची धार तीक्ष्ण करू नये. जिथे फेल्ट कायम दुमडते तिथेच ते आधी विरते.

म्हणूनच आपल्या जाहिरातीतले चित्र बदलावे. त्यात हॅट पुढच्या चिमट्याला धरून काढताना दाखवली आहे. रोज तिथेच बोटे पडली की धारेवरची लव झडते, बोटांचे तेल मुरते, आणि एक दिवस तिथे चीर पडते. हॅट काठाला पुढून-मागून दोन्ही हातांनी धरून काढावी, आणि ठेवताना उलटी, माथ्यावर. काठावर ठेवली तर पुढचे वळण सपाट होते.

रुळण्याबद्दल आपल्या प्रतिनिधीने जे सांगितले ते अर्धेच खरे आहे. चामडी पट्टी डोक्याच्या उबेने आणि घामाने वळते, हे बरोबर. पट्टीची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून, ओली चिंब न करता, सुकेपर्यंत हॅट घातली आणि असे काही दिवस रोज तासभर केले तर दोन-तीन मिमीची अडचण निघते. नऊ मिमीची निघत नाही. तोवर कपाळाचा दाब पट्टीच्या टाक्यांवर येत राहतो आणि टाके फेल्टला भोके पाडतात.

नऊ मिमीसाठी लाकडी ताणणी लागते, लंबवर्तुळाचे दोन अर्धे आणि मध्ये स्क्रू. बाहेरून पुढे-मागे हलकी वाफ देऊन रोज दोन-तीन मिमी उघडायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. लांबी वाढली की बाजू आपोआप आत येतात, कारण घेर तोच राहतो. त्यानंतरही बाजूंना किंचित जागा उरली तर पट्टीच्या मागे १० ते १२ सेंमी लांबीची पातळ फोमची पट्टी दोन्हीकडे सरकवावी. आधी फोम भरून उपयोग नाही, त्याने कपाळावरचा दाब वाढतो. हे सगळे पट्टी शाबूत असताना करता आले असते. आता आकसलेल्या चामड्याला ताणणी लावली तर ते टाक्यांपाशी फाटेल.

आणखी एक. तेच पत्रक आपण लोकरीच्या फेल्टच्या हॅटसोबतही देता. लोकरीचे फेल्ट वाफेने जास्त आकसते आणि दिलेला आकार लवकर सोडते. दोन्हींना एक सूचना चालणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. हॅट २०.६ × १६.२ सेंमी लंबवर्तुळाच्या साच्यावर पुन्हा चढवून, नवी चामडी पट्टी आणि अस्तर लावून विनामूल्य परत द्यावी. असा साचा आपल्याकडे नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. गोलसर साच्यावरची नवी हॅट बदली म्हणून पाठवू नये, ती याच ठिकाणी अडेल. मागणीपत्रात घेराच्या खाली लांबी आणि रुंदीचे दोन रकाने घालावेत. आणि वाफेची सूचना असलेले पत्रक आजपासून पेटीत घालणे थांबवावे, नवे छापून येईपर्यंत नुसती हॅट पाठवली तरी चालेल. यांतली शेवटची मागणी माझ्या हॅटपेक्षाही तातडीची आहे, कारण रोज कोणीतरी ते पत्रक वाचून भांडे चुलीवर ठेवत असेल. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

सोबत बिलाची प्रत, डोक्याच्या आकाराची कागदावरची रेघ (पुढचा मध्य खुणेने दाखवला आहे), आणि पट्टीच्या चुण्यांची, निमुळत्या माथ्याची व सुटलेल्या अस्तराची छायाचित्रे जोडली आहेत. हॅट पेटीत उलटी ठेवली असून माथ्यात साधा पांढरा कागद सैल भरला आहे. तपासणाऱ्याने तिला पुन्हा वाफ देऊ नये. आधी पट्टी आतून मोजावी, ५७.१ सेंमी भरते का ते पाहावे, आणि मगच अस्तर उसवावे.

आपला,
एक ग्राहक