टोमॅटोचे पान आधी उलटून पाहा

महोदय,

गच्चीत आणि बाल्कनीत टोमॅटो लावणारे वाढताहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पान पिवळे पडले की फोटो पाठवायचा आणि उत्तरात ‘एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) घाला’ नाहीतर ‘निंबोळी तेल मारा’ एवढेच यायचे, हे थांबायला हवे. पान पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. पाणी साचून मुळे गुदमरलेल्या कुंडीत खत ओतले, तर वाचणारे रोपही हातचे जाते.

आधी बोट दोन इंच मातीत खुपसा. माती चिकट, ओली लागली आणि तरीही रोप मलूल असेल, तर दोष निचऱ्याचा. कुंडीचे भोक मोकळे करा आणि वरचा थर कोरडा होईपर्यंत पाणी बंद ठेवा.

मग पिवळेपणा नेमका कुठे आहे ते पाहा. नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम कमी पडले की रोप ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे नेते, म्हणून लक्षण खाली दिसते. सबंध पान फिकट पिवळे झाले तर नत्र कमी. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम. कडा करपल्या तर पालाश. लोह मात्र रोपाला असे हलवता येत नाही. त्यामुळे शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, असे दिसले तर लोहाची कमतरता समजावी. चुनखडीच्या मातीत किंवा बोअरचे जड पाणी रोज घातलेल्या कुंडीत हे हमखास होते. मातीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारावे. एप्सम सॉल्टचा इथे काडीचा उपयोग नाही. उलट, मॅग्नेशियम वारंवार घातले की ते कॅल्शियमच्या शोषणात आड येते आणि फळाचे बूड काळे पडण्याचा धोका वाढतो. मॅग्नेशियम खरोखर कमी असेल तरच एप्सम सॉल्ट लिटरला पाच ग्रॅम घेऊन फवारावे. नत्रासाठी मोठ्या कुंडीला दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत पुरते. फळे लगडल्यावर तळाची दोन-चार पाने पिवळी पडतात, त्यांची काळजी करू नये.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पाने वळण्यात. एप्रिल-मेच्या उन्हात, किंवा एकदम बरीच छाटणी केल्यावर, खालची पाने पन्हाळीसारखी वर वळतात. ती जाड, चामड्यासारखी लागतात. पण हिरवीच असतात आणि शेंडा जोमात वाढत असतो. हा रोग नाही. पाणी नियमित द्या, दुपारी सावली करा, फवारू काहीही नका. चुरडामुरडा, म्हणजे लीफ कर्ल विषाणू, मात्र शेंड्याला धरतो. नवी पाने बारीक, सुरकुतलेली, कडेला पिवळसर. पेरे आखूड, रोप झुडपासारखे खुजे, फुले गळतात. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर औषध नाही. रोप सकाळी, माश्या सुस्त असताना, पिशवीत गुंडाळून उपटावे. त्याच कुंडीत नवे रोप लावायला हरकत नाही, कारण हा विषाणू मातीतून पसरत नाही. पिवळा चिकट सापळा मात्र रोप लावल्या दिवसापासून हवा. जवळच्या उसात २,४-डी तणनाशक मारले असेल, तर त्याचा झोत लागूनही शेंड्याची पाने नेच्यासारखी चिंचोळी होतात. तिथे विषाणूला दोष देऊ नये.

आता पान उलटा. वर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली धुळीसारखे काही असेल, तर कोरा कागद धरून पान झटका. कागदावरचे कण चालू लागले तर तो लाल कोळी. हा कीटक नव्हे, त्यामुळे साधी कीटकनाशके त्याला लागू पडत नाहीत. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दर दोन-तीन दिवसांनी मारत राहावा. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम चालते, पण कडक उन्हात किंवा तेलाच्या फवारणीला लागून मारले तर पाने भाजतात. पानात पांढरी नागमोडी रेघ असेल तर ती नागअळी. थोडी पाने तोडली की काम भागते. रेघेऐवजी फुगलेला पारदर्शक डाग आणि आत काळी विष्ठा असेल तर टुटा नावाच्या पतंगाची अळी. २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रथम नोंदलेली ही अळी फळही पोखरते, तेव्हा अशी पाने त्याच दिवशी नष्ट करावीत.

डागांचे म्हणाल तर पावसाळ्यात तळापासून चढणारे, आत वर्तुळावर वर्तुळ असलेले तपकिरी डाग हा लवकर येणारा करपा. मातीचे शिंतोडे उडून तो लागतो. जमिनीपासून फूटभर पाने काढा, बुंध्याशी पाचटाचे आच्छादन घाला, पाणी फक्त मुळाशी द्या. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लागलेच तर लिटरला अडीच ग्रॅम, आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते पाकिटावर वाचूनच. थंड, ढगाळ, दमट हवेत मोठे, भिजल्यासारखे काळपट चट्टे आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसली, तर तो उशिरा येणारा करपा. तो काही दिवसांत सगळे रोप खातो आणि बटाट्यालाही लागतो, म्हणून बाधित रोप ठेवण्याचा मोह नको.

आपल्या पुरवणीत बागेची प्रश्नोत्तरे येतात. वाचकांकडून पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि संपूर्ण रोपाचा असे फोटो मागवावेत, सोबत कुंडीचा आकार, पाणी कोणते आणि किती देता, हेही विचारावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे