चार वेळा परत आलेल्या अर्जाबद्दल ताईंचे आभार

आदरणीय ताई,

सादर प्रणाम.

गेल्या जुलैत जर्मनीतील एका खेड्यात भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रमशिबिराहून परतल्यावर मी फोनवर तुमचे आभार मानले होते. परंतु तुम्ही नेमके काय केलेत, हे आपल्या हिंगणघाट तालुक्यातील इतर मुलामुलींनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

शिबिरात का यायचे आहे, असा प्रश्न अर्जात होता. मी देशाचे नाव उज्ज्वल करण्याविषयी पानभर लिहिले. तुम्ही तो कागद परत केला आणि विचारले, ‘तुला हातांनी काय काय करता येते?’ निंदण, कापूसवेचणी आणि सारवण येते, हे सांगतानाही मला संकोच वाटला, कारण बी.ए.पर्यंतच्या कोणत्याही परीक्षेत ते मला कुणी विचारले नव्हते. अर्ज चार वेळा परत आला आणि त्यातले एकही वाक्य तुम्ही लिहून दिले नाही. तेव्हा मला राग आला होता, हे आज कबूल करते. पण शिबिरात पहिल्या दिवशी ओळख करून देताना मला काहीही आठवावे लागले नाही, कारण अर्जातले प्रत्येक वाक्य माझेच होते.

समाजमंदिरातील शनिवारच्या बैठकीत तुम्ही अशा श्रमशिबिरांची सुरुवात करणाऱ्या पिअर सेरेझोल या स्विस गृहस्थांविषयी सांगितले होते. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दँजवळच्या एस्न या फ्रेंच गावात त्यांनी १९२० मध्ये गाव पुन्हा उभारण्यासाठी स्वयंसेवक जमवले. कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मनीची माणसेही त्यांत होती. १९३४ च्या भूकंपानंतर हेच सेरेझोल बिहारमध्ये गावे पुन्हा उभारायला आले. बाबा त्या दिवशी दाराशी उभे राहून ऐकत होते. परक्या मुलखातला माणूस आपल्याकडे घरे बांधायला येतो, तर आपली मुलगी तिकडे का जाऊ नये, असे त्यांनी रात्री आईला विचारले. घरातली परवानगी मला तिथेच मिळाली.

व्हिसाचे काम त्याहून अवघड निघाले. अशा शिबिरांत राहणे-जेवण यजमानांकडे आणि प्रवासखर्च आपला, अशी रीत असते. तिकिटाची तजवीज बचत गटाच्या कर्जातून झाली. जर्मनीसह अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमाही काढला. अडचण बँकेच्या खात्याची होती. कापूस विकला की खात्यात एकदाच पैसा येतो, देणी भागवताना संपतो आणि खरिपाच्या तोंडावर पासबुक कोरडे असते. पगारदाराच्या खात्याची सवय असलेल्या व्हिसा-अधिकाऱ्याला ते संशयास्पद वाटणारच. तुम्ही सातबारा आणि बाजार समितीतील विक्रीच्या पावत्या भाषांतरित करून घेतल्या आणि कापसाच्या शेतकऱ्याचे वर्ष कसे चालते, हे दोन पानांत समजावून लिहिले. माझ्या अर्जाला हात न लावणाऱ्या तुम्ही ही दोन पाने मात्र रात्री जागून स्वतः लिहिलीत. कोणती मदत करावी आणि कोणती करू नये, याची तुमची ही पारख मला फार मोलाची वाटते.

शिबिरात आम्ही जुन्या दगडी बांधाची दुरुस्ती केली. संध्याकाळी सगळे गोल बसून त्या दिवशी काय जमले, काय बिनसले आणि का, हे बोलत असू. पहिले तीन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चौथ्या दिवशी मी उठून दगड बसवण्याची माझ्या आजोबांची पद्धत दाखवली. युरोपातील इरॅस्मस प्लस योजनेतील युवा विनिमयांत १३ ते ३० वयाची मुले ५ ते २१ दिवस एकत्र राहतात आणि आपण काय शिकलो हे यूथपास नावाच्या प्रमाणपत्रात स्वतः नोंदवतात, असे तुम्ही सांगितले होते. तुम्ही दिलेल्या वहीत मी रोज तशीच नोंद करत गेले. गुणांशिवायही शिक्षण मोजता येते, ते मोजणारी मीच असू शकते, हे मला त्या वहीने शिकवले.

परतल्यावर तुम्ही आम्हाला सेवाग्रामला नेले. हातांच्या कामातून शिक्षण द्यावे, हा नई तालीमचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडला गेला, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. घरापासून इतक्या जवळची ही गोष्ट मला कळायला मात्र जर्मनीला जाऊन यावे लागले.

आता शनिवारची बैठक मी घेते. गावातील दोन मुली पुढच्या शिबिरासाठी अर्ज लिहीत आहेत. दोघींचेही अर्ज मी कालच तिसऱ्यांदा परत केले आहेत.

आपली कृतज्ञ,
शनिवारच्या बैठकीतील एक विद्यार्थिनी