पैसे भरायच्या आधी हे वाच लगा

सांगलीवाडी

काय लगा संज्या,

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल मार्केट यार्डातनं घरी येताना आयर्विन पुलाच्या कडेला गाडी लावून ऐकला. लिहूनच सांगतो, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

म्हणजे डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स ४५ हजार, आज भरले तर ३२, आणि त्यांच्या टेस्टमध्ये तू 'व्हिज्युअल लर्नर' निघालास म्हणून हा कोर्स तुझ्यासाठीच बनलाय. दहा प्रश्नांची टेस्ट लगा, आणि घेणारा कोण तर कोर्स विकणाराच! चष्म्याच्या दुकानदारानं फुकट नंबर काढून दिल्यासारखं झालं हे. बरं, हे डोळ्यानं शिकणारा, कानानं शिकणारा प्रकरण वाटतं तेवढं पक्कं नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं सगळं संशोधन चाळून काढलं, तर स्टाइल बघून तसं शिकवलं की जास्त डोक्यात जातं याला धड पुरावाच सापडला नाही. आवड असते प्रत्येकाची, ते खरं. मलाही व्हिडिओ आवडतात. पण आवडणं वेगळं नि येणं वेगळं.

माझंच बघ की. गेल्या वर्षी मी १८ हजार घालवले ते तुला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. एक्सेलचा कोर्स, ॲनिमेशन एकदम झकास, रोज जेवताना दीडच्या स्पीडनं बघायचो नि मान हलवायचो, सगळं समजायलंय असं वाटायचं. मग हळदीचे सौदे सुरू झाले, मालक म्हणाले पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या बिलांचा, हिशोब तू कॉम्प्युटरवर घे. कोरी शीट उघडली आणि डोकंपण कोरं. एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत शोधायचा व्हीलूकअप फॉर्म्युला मारला तर निम्म्या शेतकऱ्यांपुढं एरर. दीड तास गेला, शेवटी कळलं की एका यादीत 'पाटील' नंतर एक स्पेस जास्त पडलेली, डोळ्याला दिसत नाही पण एक्सेलला तो दुसराच पाटील वाटतो. जादा स्पेस काढणारा ट्रिम फॉर्म्युला लावला, झालं. तो दीड तास मी आजन्म विसरणार नाही, आणि त्या १८ हजारातलं मला काय आठवतं तर सुरुवातीचं म्युझिक.

यावरपण २००६ चा एक प्रयोग आहे, पोरांना उतारा दिला, काहींनी परत परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं, पण आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. म्हणून कोर्स बघताना आधी व्हिडिओ बघू नकोस, असाइनमेंट बघ. करायला काय देतात, आणि चुकलं तर सांगायला कोण आहे.

दुसरं, तुझी खरी स्टाइल मला माहिती आहे, टेस्ट कशाला पाहिजे? दहावीत तू पुस्तक कधी उघडलंस, तर टाइमटेबल लागल्यावर. तुला मानगुटीवर तारीख लागते. 'लाइफटाइम ॲक्सेस' म्हणजे तुझ्यासाठी कधीच नाही! त्यामुळं तू एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स बघ, आयआयटीवाल्यांनी २००३ ला सुरू केलेलं, आता सरकारच्या स्वयम् पोर्टलवर मिळतं, सत्र जानेवारीत नि जुलैत चालू होतं. शिकणं फुकट, सर्टिफिकेट पाहिजे असेल तर परीक्षेची फी, हजाराच्या आसपास. आयआयटी रोपारचा पायथनचा, म्हणजे डेटाच्या कामाला लागणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेचा, कोर्स आहे, १२ आठवडे. दर आठवड्याला असाइनमेंट, त्याला शेवटची तारीख, त्यातल्या चांगल्या ८ चे २५ टक्के धरतात आणि ७५ टक्के पेपरचे, तो सेंटरवर जाऊन द्यायचा. इथं तुझं आजारी पडल्याचं नाटक चालत नाही. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस, स्पीड पाऊणवर आण, खाली सबटायटल लाव.

हां, काही सर बोअर करतात, खोटं कशाला बोलू. म्हणून एकाचं पहिलं लेक्चर बघ, थांबव, वहीत न बघता पाच ओळी लिही. नाही जमल्या तर दुसरा सर धर. पोवई नाक्यावर शर्ट घेताना चार दुकानं फिरतोस की.

आणि दुकानात गिऱ्हाइकी करत शिकायचं डोक्यातनं काढ. सकाळी सहा ते सात, काकांनी शटर उघडायच्या आधी. त्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर पोरगं मोबाइलवर पडलंय म्हणतील.

पुढच्या रविवारी कोयना एक्सप्रेसनं येतो, माहुली स्टेशनला घ्यायला ये. लॅपटॉप चार्ज करून ठेव, आणि दुकानाची मागच्या महिन्याची उधारीची वहीपण, त्याचीच शीट करू. काकूंना सांग पेढे नकोत, पिठलं-भाकरी करा.

तवर त्या ३२ हजारवाल्या मॅडमचा फोन आला तर उचलू नकोस. उचलशीलच तू, पण ओटीपी तेवढा देऊ नकोस लगा.

तुझाच,
पम्या