बदलीला कारवाई म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला चर्चमधल्या अत्याचारांवरचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण घरच्यांनी कागद काढून घेतला. ब्लडप्रेशर आहे.

लेखकमहाशयांना अमेरिकेतल्या बोस्टनचे आर्चबिशप, म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, कार्डिनल लॉ यांच्या राजीनाम्याचं फारच कौतुक दिसतं. डिसेंबर २००२मध्ये त्यांनी पद सोडलं, हे खरंच. पण २००४मध्ये त्यांना रोमच्या सांता मारिया माज्जोरे या मोठ्या बॅसिलिकेचं, म्हणजे मानाच्या चर्चचं, प्रमुखपद मिळालं, ते लिहायला बहुधा जागा पुरली नसावी. २०१७मध्ये ते वारले तेव्हा अंत्यविधी सेंट पीटर्समध्ये झाला आणि अखेरची प्रार्थना म्हणायला स्वतः पोप फ्रान्सिस. अशी शिक्षा आम्हालाही लागू करा म्हणावं.

पण माझं डोकं फिरलं ते 'बदलीसारखी सौम्य कारवाई' या शब्दांनी. लेखात 'बदली' पाच वेळा आहे, मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. बोस्टनचा पाद्री फादर गेगन याच्याबद्दल मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी होत्या हे ठाऊक असून याच लॉ साहेबांनी १९८४मध्ये त्याला दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागातल्या चर्चमध्ये, पाठवलं. तिथल्या आईबापांना कोणी काही सांगितलं नाही. यात कारवाई कुठे आली? ती तर गुन्हेगाराची सोय झाली. हे मी छातीठोक सांगतो, कारण असा एक आदेश मी स्वतः टाइप केला आहे.

१९८७ साल. इंदुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत मी बाबू होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. ख्रिस्ती नव्हती, एवढं सांगतो, म्हणजे 'त्यांच्यात असंच चालतं' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. एका शिक्षकाबद्दल पाचवीतल्या मुलाचे वडील तक्रार घेऊन आले. हुकुमचंद मिलमध्ये रात्रपाळी करून थेट आले होते, कपड्यांवर कापूस तसाच. दोन तास बाकावर बसून राहिले. आत अध्यक्ष आणि मुख्याध्यापक चहा घेत होते. मग मला हाक आली, 'बडे बाबू, एक आदेश काढा.' कारणाच्या जागी काय लिहू, असं मी विचारलं. उत्तर आलं, नेहमीचंच लिहा. मी लिहिलं, 'प्रशासकीय आधार पर'. जावक क्रमांकही मीच टाकला.

बाहेर येऊन त्या वडिलांना मीच सांगितलं, कारवाई झाली. त्यांनी मला हात जोडले.

बदली झाली ती संस्थेच्या गावाकडच्या शाखेत. तिथे मुलांचं वसतिगृह होतं. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ दिलं, वर्गणी माणशी अकरा रुपये. मी दिले.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या चर्चमधल्या अत्याचारांवर ग्रँड ज्युरीचा, म्हणजे चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळाचा, अहवाल २०१८मध्ये आला. तीनशेहून जास्त पाद्री, हजारावर मुलं. पाद्र्याला हलवायचं झालं तर लोकांना 'आजारी रजेवर गेलेत' किंवा 'मानसिक थकवा आलाय' असं सांगायचं, अशी तिथली रीत होती. वाचताना मला माझा टाइपरायटर आठवला. भाषा इंग्रजी असो की हिंदी, बाबू लोकांना शब्द सापडतातच.

लेखात २०१९च्या पोपच्या नियमांना 'ऐतिहासिक' म्हटलंय. त्या नियमांनुसार पाद्र्यांनी आणि नन्सनी अत्याचाराचं कळवायचं ते चर्चच्याच वरिष्ठांना. पोलिसांचं त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलंय. आपल्याकडे २०१२च्या पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, निदान एवढं तरी आहे की हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. किती प्रमुखांना झाली, ते तुमच्या बातमीदाराला शोधायला लावा. परदेशी तारा भाषांतरित करण्यापेक्षा ते बरं.

आणि हो, लेखासोबत आपल्याच शहरातल्या एका चर्चचा फोटो कशासाठी? त्या चर्चचा यात काय संबंध? आमच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहतं, तिथल्या आजी दर रविवारी त्याच चर्चला जातात. सोमवारी अंक माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, 'भाऊ, आमचं काय चुकलं?' मी काय सांगणार? तुमच्याकडे फोटोंचा एवढा तुटवडा असेल तर चौकट कोरी ठेवत जा. मागच्या महिन्यातलं माझं पत्र तुम्ही तीन ओळींवर आणलंत, तेव्हा बरी जागा वाचवता आली.

आमचे अध्यक्ष पुढे पंच्याहत्तर वर्षांचे झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराची बातमी तुमच्याच अंकात चार कॉलमी आली होती. 'निष्कलंक शिक्षणसेवा' असा मथळा होता. कात्रण माझ्याकडे आहे, हवं तर पाठवतो.

नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त बाबू
रामबाग, इंदूर